धाराशिवात राहून समुद्रकिनारा रंगवायचा तर

शाळेत ‘निसर्गचित्र काढा’ असं सांगितलं की आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या पुष्कळ कागदांवर समुद्र उतरतो. आडवी निळी पट्टी, तिच्यावर अर्धा बुडालेला लाल सूर्य, कडेला वाकलेला माड आणि मधोमध शिडाची होडी. पुढे हाती अ‍ॅक्रिलिकच्या ट्यूब येतात, कागदाच्या जागी कॅनव्हास येतो, पण समुद्र बहुधा तोच राहतो. हात कमी पडतो म्हणून असं होत नाही. ते चित्र मुळात पाहून काढलेलंच नसतं. आता मोबाइलवर दूरदेशीच्या किनाऱ्यांचे धडे मिळतात. पांढरीशुभ्र वाळू, निळंहिरवं पारदर्शक पाणी. ते बघून केलेलं चित्र नीटनेटकं होतं, पण तो समुद्र रत्नागिरीचाही नसतो आणि अलिबागचाही नसतो.

किनाऱ्याचं चित्र शिकू पाहणाऱ्यांना माझं सांगणं असं आहे की, त्या चित्रात खुद्द समुद्राचं काम थोडंच असतं. अवघड असतो तो पाणी आणि जमीन यांच्यामधला ओला पट्टा, आणि चित्राला जीवही तोच देतो. हा पट्टा शिकायला कोकणात जावं लागत नाही. नळदुर्गला बोरीच्या काठी, धाराशिव शहराजवळ हातलाईच्या तलावाकाठी, परांड्याकडे सीना-कोळेगाव धरणाच्या उतरत्या पाण्याकाठी तो आपल्याला मिळतो. आधी तिथे हात बसवा, मग समुद्रावर जा. आधी समुद्र बघून आलेल्याला बहुतेक वेळा लाटाच आठवतात, पट्टा निसटलेला असतो.

सुरुवात घरातच करता येईल. एक परात घ्या. बांधकामाच्या ढिगातून मूठ-दोन मूठ नदीची वाळू आणा, चाळून परातीत पसरा आणि परातीची एक कड खालून टेकू देऊन उचला, म्हणजे उतार तयार होईल. सखल बाजूने हळूहळू पाणी ओता आणि परात खिडकीजवळ ठेवून खिडकीच्या समोरच्या बाजूने, डोळे बरेच खाली आणून बघा. वर कोरडी वाळू फिकी, जराशी पिवळट-करडी दिसेल. तिच्याखाली ओलावलेली वाळू दिसेल, एकदम दोन-तीन छटांनी गडद. कोरड्या कणांवरून प्रकाश चहूकडे विखुरतो. कणांमधल्या फटींत पाणी शिरलं की तो अधिक खोल जातो आणि पुष्कळसा आतच जिरतो, म्हणून हा गडदपणा. आणखी खाली या, जिथे वाळूवर पाण्याचा पातळ पापुद्रा उभा आहे. तिथे अचानक उजेड दिसेल. तो वाळूचा रंग नव्हे, खिडकीतल्या आकाशाचा आहे. त्याच्याही खाली पाणी खोल होतं आणि तळाचा रंग व वरचं प्रतिबिंब एकमेकांत मिसळतात. फिकं, गडद, उजळ आणि मग मिश्र असा हा क्रम आहे. समुद्रावरही हाच असतो, फक्त परातीच्या जागी दोनशे पावलांची पुळण असते. नवखा माणूस कोरड्या वाळूतून थेट निळ्या पाण्यात उडी घेतो, मधले दोन टप्पे गाळतो, आणि मग पाणी वाळूवर चिकटवल्यासारखं दिसतं.

आता डोकं किंचित वर-खाली करा. उजेडाचा पट्टा सरकतो. म्हणजे हा पट्टा वाळूत कायमचा नाही, तुमच्या डोळ्याच्या उंचीवर आणि आकाशावर अवलंबून आहे. हे एकदा स्वतः पाहिलं की ओल्या वाळूला ठरावीक तपकिरी रंग फासायची सवय सुटते.

घराबाहेरचा सराव नळदुर्गला करावा. तुळजापूर तालुक्यातलं हे ठिकाण सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर आहे, एसटीने सहज जाता येतं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, किल्ला आणि शेजारचं रणमंडळ यांच्यामध्ये बोरी नदीवर दगडी बंधारा घातला गेला. त्याचा स्थपती म्हणून मीर इमादीनचं नाव सांगतात. बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे आणि पाऊस चांगला झाला की नर-मादी हे दोन धबधबे त्यावरून कोसळतात. बहुतेक चित्रकार धबधब्याकडे धावतात. तुम्ही अडलेल्या, स्थिर पाण्याच्या बाजूला बसा. समोर काळ्या दगडाची तटबंदी, तिचं पाण्यातलं प्रतिबिंब आणि काठाची ओली माती, एवढाच विषय घ्या. प्रतिबिंबाचा एक नियम इथे डोळ्यांत भरेल: गडद वस्तूचं प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा थोडं उजळ दिसतं आणि उजळ वस्तूचं थोडं गडद. काळ्या तटाचं प्रतिबिंब काळं रंगवलं की पाण्यात खड्डा पडल्यासारखा वाटतो. हाच नियम पुढे होडीच्या काळ्या बुडाला आणि किनाऱ्यावर चालणाऱ्या माणसांना लागू होणार आहे. आणि हो, ही संरक्षित वास्तू आहे. दगडावर ब्रश पुसू नका, रंगाचं पाणी तिथे ओतू नका.

उन्हाळ्याकडे दिवस झुकले की आपल्याकडचे तलाव मागे सरकू लागतात. शेतकऱ्याला आणि गावाला ते दुःखाचं असतं, यात शंका नाही. पण चित्रकाराने हे दिवस वाया घालवू नयेत. पाणी हटतं तसा गाळाचा उतार उघडा पडतो, काठावर रेघेखाली रेघ उमटते, कुठे गाळपेऱ्याची हिरवी पट्टी असते, कुठे भेगाळलेली काळी माती, उथळ पाण्यात लांब तांबड्या पायांच्या शेकाट्या चालत असतात. ओहोटीला समुद्र सहा तासांत जे करतो तेच तलाव इथे चार महिन्यांत करून दाखवतो, आणि तुम्हाला निवांत पाहता येतं. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते कोल्हापुरात परतले आणि रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ हे घराजवळचे पाणवठे पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. १९३१ मध्ये ते गेले, पण पाण्याकाठचा प्रकाश कसा पाहावा हे आजही त्यांच्या निसर्गचित्रांतून शिकता येतं.

आता सामान आणि हवा, कारण अ‍ॅक्रिलिकचं अर्धं गणित हवेत आहे. अ‍ॅक्रिलिक रंगात रंगद्रव्य पाण्यात तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या अतिसूक्ष्म कणांबरोबर असतं. पाणी उडून गेलं की हे कण एकमेकांना चिकटून अखंड पापुद्रा होतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांसाठी पोस्टर कलर वापरलेल्यांचा घोळ इथेच होतो. पोस्टर कलर वाळल्यावरही ओल्या ब्रशने हलवता येतो. अ‍ॅक्रिलिक एकदा बसला की बसला. त्यात धाराशिवचा मे महिना, पारा चाळिशीच्या वर आणि कोरडा वारा. आकाश वरून खाली मिसळत आणेपर्यंत वरचा भाग वाळून मोकळा होतो, दुसरा हात फिरवला की रंग ओरबाडला जातो. समुद्रकाठच्या दमट हवेत तोच रंग कितीतरी जास्त वेळ ओला राहतो. म्हणून कोकणातल्या कुणाचा ‘सावकाश मिसळा’ हा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही.

आपल्याकडे पावसाळ्यातले दिवस मिसळण्याच्या कामाला उत्तम. उन्हाळ्यात पहाटे बसा. कूलर असेल तर झोत थेट कॅनव्हासवर येऊ देऊ नका, तो भिंतीकडे वळवा. खोलीतला दमटपणा मात्र उपयोगाचा. हाताशी पाण्याचा फवारा ठेवा आणि काम करत असलेल्या भागावर लांबून हलके तुषार उडवा, थेंब पडू देऊ नका. पॅलेट तर ओलंच हवं. झाकणाचा चपटा डबा घ्या, तळाशी जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा तुकडा चौपदरी घडी करून भिजवून पसरा, वर बटर पेपर अंथरा आणि त्यावर रंग काढा. खालून ओलावा मिळत राहतो, काम संपल्यावर झाकण लावलं की रंग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही जिवंत राहतात. दुकानात रिटार्डर नावाचं द्रव्य मिळतं, त्याने वाळण्याचा वेग मंदावतो. पण बाटलीवर लिहिलंय त्याहून जास्त घातलं तर रंग चिकट राहतो आणि आपल्याकडची धूळ त्यावर बसते.

पातळ करण्यासाठी नुसतं पाणी ओतत जाऊ नये. पाणी फार झालं की त्या प्लॅस्टिकच्या कणांची पकड सुटते आणि वाळलेला रंग बोटाला लागतो. पातळ पारदर्शक थर हवा असेल तेव्हा अ‍ॅक्रिलिक मीडियम वापरा. बोअरचं जड पाणी पातळ थरात क्षाराची पांढुरकी झाक सोडू शकतं, तेवढ्या कामापुरतं जारचं पाणी घ्यावं.

रंग सहाच पुरे: टिटॅनियम व्हाइट (मोठी ट्यूब), अल्ट्रामरीन ब्लू, थॅलो ब्लू, यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि क्रिमसन. विद्यार्थ्यांसाठीच्या साध्या ट्यूब चालतील. पैसे वाचवायचे तर रंगांच्या संख्येत वाचवा, पांढऱ्याच्या दर्जात नको, कारण किनाऱ्याच्या चित्रात सगळ्यात जास्त तोच लागतो. काळी ट्यूब लागत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून हवा तो राखाडी, अगदी काळ्याजवळचाही, मिळतो आणि तो निळा किंवा तपकिरी असा हवा तिकडे झुकवता येतो. ब्रश सिंथेटिकचे: एक इंची चपटा, अर्धा इंची चपटा, एक बारीक गोल आणि एक जुना, केस विस्कटलेला राठ ब्रश. तो टाकू नका, फेसासाठी सोन्याच्या मोलाचा आहे. काम चालू असताना ब्रश पाण्यात ठेवा पण केसांवर उभा करू नका.

कॅनव्हास बोर्ड परवडत नसेल तर हार्डबोर्डचा तुकडा सुताराकडून कापून घ्या, गुळगुळीत बाजूला पॉलिश पेपर मारा आणि जेसो या पांढऱ्या अस्तराचे दोन हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा. भिंतीचा ऑइल प्रायमर लावू नका. तेलाच्या थरावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, पापुद्रे सुटतात. कॅनव्हास घेणार असाल तर तेही शेवटी सुती कापडच आहे, आणि सुती कापडामुळे आपल्या भागाचा समुद्राशी फार जुना संबंध आहे. आपलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगरचं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात एकदा जाऊन या. चित्राला त्याचा थेट उपयोग नाही, पण समुद्र आपल्याला परका आहे हा समज जातो.

हात बसला की समुद्रावर जायचं. आपल्याकडची कुटुंबं अंबाबाई, जोतिबा करून गणपतीपुळ्याला जातात. त्याच फेरीत रत्नागिरीत एक मुक्काम वाढवा. पण निघण्याआधी भिंतीवरचं तिथीचं कॅलेंडर बघा. इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. भर भरतीत पोचलात तर ओला पट्टा पाण्याखाली असतो आणि जे रंगवायला आलात तेच दिसत नाही.

कोकणातले दर्यावर्दी भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. पक्षाच्या पहिल्या दिवसापासून तिथी मोजायची, शुक्ल असो की वद्य, आणि तिला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी, पूर्ण भरती. ओहोटी तिथून सहा तासांवर, भर दुपारी बाराच्या आसपास. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी सव्वाअकरा-बाराला भरती आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला पूर्ण ओहोटी. जागेनुसार थोडं मागेपुढे होतं, पण ढोबळ हिशेबाला हे पुरतं. आता चित्रकाराच्या नजरेने बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते, पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली जातं. म्हणजे ओला पट्टा सगळ्यात रुंद, आणि तो उघडा पडतो तो नेमका मावळतीच्या प्रकाशात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याचा चढउतार कमी, आणि संध्याकाळी पाणी वर असतं. तेव्हा सहलीच्या तारखा आपल्या हातात असतील तर पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आगेमागे दोन दिवसांत ठरवा. महिने म्हणाल तर दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, आणि गणपतीपुळ्याचं पाणी एरवीही दगाबाज आहे. लहान मुलं बरोबर असतील तर एका मोठ्या माणसाने फक्त त्यांच्याकडेच लक्ष ठेवावं.

आपला महाराष्ट्राचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सूर्य समुद्रातून उगवत नाही, तुमच्या पाठीमागून, डोंगराकडून वर येतो. सकाळी प्रकाश पाठीवर असतो, लाटांच्या दर्शनी बाजू उजळतात, पाण्याचे हिरवे-निळे रंग स्पष्ट दिसतात. संध्याकाळी प्रकाश समोरून येतो, रंग कमी होतात आणि उजेड-अंधार वाढतो. शिकणाऱ्याने संध्याकाळ निवडावी, कारण रंगांपेक्षा छटा ओळखणं आधी शिकलेलं बरं.

वाळूही एकसारखी नाही. रत्नागिरी शहरातच मांडवीची वाळू काळपट आणि पांढऱ्या समुद्राची फिकी आहे. दोन्ही एका संध्याकाळी पाहता येतात. भाट्याची पुळण लांब, सपाट, ओहोटीला आरशासारखी. आरे-वारेच्या रस्त्यावरून तोच समुद्र उंचावरून दिसतो. हा फरक चित्रात फार मोठा आहे, कारण क्षितिज नेहमी तुमच्या डोळ्यांच्या उंचीला असतं. वाळूवर उभ्या माणसाला क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर दिसतं, तर पन्नास मीटर उंचीवरून पंचवीस किलोमीटरवर. वाळूवरून पाहिलं तर समुद्र म्हणजे अरुंद पट्टी असते आणि चित्राचा बहुतेक भाग वाळू आणि आकाश व्यापतात. वरून पाहिलं की समुद्र पसरतो. वाळूवर उभं राहून काढताना आणखी एक खूण: सपाट पुळणीवर तुमच्याच उंचीची माणसं जवळ असोत की लांब, सगळ्यांची डोकी क्षितिजाच्या रेषेला लागतात. फक्त पाय वर-खाली होतात. एवढं पाळलं तरी गर्दी हवेत तरंगत नाही.

तिथे बसून मोठं चित्र पुरं करायचा हट्ट धरू नका. तळहाताएवढे तीन-चार छोटे अभ्यास करा आणि मोबाइलवर फोटो घ्या. फोटोवर रंगाच्या बाबतीत भरवसा नको. मोबाइल सूर्यास्त भडक करतो आणि ओल्या वाळूतल्या राखाडी छटा गिळतो. त्या राखाडी छटा तुमच्या छोट्या अभ्यासातच सापडतील.

घरी आल्यावर चित्र असं उभं करावं. बारा बाय सोळा इंचांचा बोर्ड घ्या. त्यावर बर्न्ट सिएना आणि ऑकर यांचा पातळ हात देऊन पांढरेपणा मोडा. हा उबदार रंग पुढे निळ्याच्या फटींतून दिसत राहतो आणि संध्याकाळची ऊब देतो. क्षितिज मधोमध नको. संध्याकाळच्या आणि ओल्या पट्ट्याच्या चित्रात ते वरच्या तिसऱ्या भागात न्या, म्हणजे खालचा मोठा भाग पट्ट्याला मिळेल. रेषा पट्टीने, बोर्डाच्या वरच्या कडेला अगदी समांतर. माळावरचं क्षितिज थोडं झुकलेलं चालतं, समुद्राचं केसभरही झुकलं तर पाणी सांडल्यासारखं वाटतं. हवी तर चिकटपट्टी लावा, पण आकाश पुरतं वाळल्यावर.

आकाश एकदाच, झपाट्याने, एक इंची ब्रशने. वरून अल्ट्रामरीन, पांढरा आणि किंचित सिएना. खाली येताना निळा कमी करत ऑकर आणि क्रिमसनचा ठिपका. पाणी फवारा, मिसळा, थांबा. वाळू लागलेल्या जागी परत ब्रश नेऊ नका. नाही जमलं तर पूर्ण वाळू द्या आणि वरून दुसरा थर घाला. हीच अ‍ॅक्रिलिकची मोठी सोय आहे, तिचा फायदा घ्या. रंग मिसळताना एक लक्षात असू द्या, की अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो, कारण ओला असताना त्यातला द्रव दुधाळ असतो आणि वाळल्यावर स्वच्छ होतो. प्रत्येक महत्त्वाच्या मिश्रणाचा ठिपका पुठ्ठ्यावर लावून वाळू द्या, मगच बोर्डावर न्या. उन्हाळ्यात ते दोन मिनिटांचं काम.

समुद्र क्षितिजाकडून स्वतःकडे आणा. दूरचं पाणी आकाशापेक्षा एकच छटा गडद. अल्ट्रामरीन, सिएना, पांढरा. जवळ येताना थॅलो ब्लूचा अगदी टोकाएवढा अंश आणि ऑकर, म्हणजे कोकणातल्या पाण्याचा मातकट हिरवा सापडेल. थॅलो फार जोरकस आहे, मोठा गोळा घेतलात तर तो सगळं चित्र खाऊन टाकतो. लाटांच्या रेघा दूर असताना जवळजवळ, आणि पुढे येताना अंतर वाढत जातं. फुटणाऱ्या लाटेची उभी बाजू ज्या ठिकाणी पातळ होते तिथून प्रकाश आरपार येतो. संध्याकाळच्या चित्रात तेवढीच एक हिरवी जागा उजळ ठेवा. बाकी लाट आकाशापेक्षा गडदच.

मग पट्टा. आधी सगळी वाळू गडद ओल्या रंगाने भरा: सिएना, अल्ट्रामरीन, थोडा ऑकर. ती वाळली की वरच्या कोरड्या भागावर फिका, जाडसर रंग. आणि खालच्या भागावर, पाण्याच्या पापुद्र्याच्या जागी, आकाशाचाच रंग मीडियममध्ये पातळ करून वरून खाली सरळ उभे फटकारे द्या. प्रतिबिंब नेहमी सरळ खाली पडतं, किनारा तिरपा असला तरी. उभे फटकारे वाळले की त्यांच्यावर एक-दोन अगदी बारीक आडव्या रेघा; तेवढ्याने ती जागा जमिनीवर बसते. असे तीन-चार पातळ थर द्या, प्रत्येक वाळू देऊन. आपल्या कोरड्या हवेचा उपयोग इथे होतो. कोकणात ज्या थराला अर्धा तास थांबावं लागेल तो इथे चहा होईपर्यंत वाळतो. सुरुवातीला जी हवा आडवी आली तीच या टप्प्यावर कामाला येते, म्हणून मी तर म्हणेन की आकाश पावसाळ्यात रंगवा आणि पट्टा उन्हाळ्यात.

फेसाकडे सगळ्यात शेवटी वळा, आणि घाई करू नका. दात घासायच्या ब्रशने पांढरे शिंतोडे उडवायचा मोह होतो, पण तो फेस सगळीकडे सारखाच दिसतो. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांचं १९६७ मधलं ‘अ बिगर स्प्लॅश’ हे अ‍ॅक्रिलिक चित्र या बाबतीत अभ्यासण्यासारखं आहे. मोठे सपाट भाग त्यांनी रोलरने झटपट भरले, आणि क्षणात विरून जाणारा पाण्याचा उसळा बारीक ब्रशांनी रंगवायला सुमारे दोन आठवडे घेतले. तुमच्या फेसालाही असाच वेळ द्या. वाळूवर पसरलेल्या फेसात जाळी असते, तिची छिद्रं जवळ गोलसर आणि दूर जाताना चपटी होत जातात. फेसाची सावलीकडची बाजू पांढरी नसते. अल्ट्रामरीन आणि सिएनाचा फिका राखाडी घ्या आणि आधी तोच लावा. फेसाच्या पुढच्या कडेखाली वाळूवर एक बारीक गडद रेघ असते, ती ओढली की फेसाला उंची येते. केस विस्कटलेला ब्रश जवळजवळ कोरडा करून राखाडीवर पांढरा टेकवत जा. शुद्ध, जाड पांढरा फक्त दोन-तीन ठिकाणी, जिथे प्रकाश थेट लागतो.

माणूस, होडी, सुरूची झाडं यांतलं एखादंच घ्या. मांडवीच्या चित्रात वर ओढून ठेवलेली होडी शोभते, भाट्याच्या चित्रात नुसती दोन दूरची माणसं आणि त्यांची ओल्या वाळूतली तुटक प्रतिबिंबं. सूर्य दाखवलाच पाहिजे असं नाही. ढगांआडून आलेला उजेड ओल्या वाळूत पडला आहे एवढं दिसलं, की बघणाऱ्याला तो वर कुठे आहे ते कळतं.

ब्रश धुण्याआधी कागदाने चांगले पुसा, मगच पाणी आणि साबण. रंगाचं पाणी विहिरीकाठी, नदीत किंवा मोरीत ओतू नका, त्यात प्लॅस्टिकचे कण असतात. बादलीत ठेवून द्या, गाळ तळाशी बसू द्या, वरचं निवळ पाणी पुढच्या दिवशी ब्रश खळबळायला वापरा आणि गाळ वाळवून कचऱ्यात टाका. पाण्याची टंचाई असलेल्या गावात यामुळे पाणीही वाचतं. वार्निशची घाई नको. रंग हाताला वाळलेला लागला तरी जाड फेस आतून ओला असतो, दोन आठवडे तरी जाऊ द्या. आणि अ‍ॅक्रिलिकचा थर उन्हाळ्यात मऊ पडतो, हे आपल्या जिल्ह्यात विसरून चालणार नाही. पत्र्याच्या खोलीत दोन चित्रं तोंडाला तोंड लावून ठेवली तर चिकटतात आणि सोडवताना फेस दुसऱ्याच्या आकाशात जातो. चारही कोपऱ्यांत पुठ्ठ्याचे तुकडे ठेवा, मधे हवा राहू द्या आणि चित्रं उभी ठेवा, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब.